गंगुबाईंच्या खानावळीतला फळा

मी फळा बोलतोय. शाळेचा नव्हे, खानावळीचा. शाळेतल्या फळ्यांना उगाच शिष्टपणा असतो, मला तो कधी जमलाच नाही. डिलाईल रोडच्या चाळीत गंगुबाई गिरणी कामगारांना जेवू घालायच्या. कोण कोणत्या पाळीला जेवणार, ते त्यांची मुलगी लतिका माझ्यावर लिहायची. बुधाजी, उत्तम, हरेश्वर आणि आणखी वीस जण.

ब्याऐंशी साली संप झाला. एकेक जण गावी गेला, पण गंगुबाई नावं पुसू देईनात. नाव पुसलं की माणूस परत येणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. दीड वर्ष झालं तरी मी तसाच.

लतिका तेव्हा इटालियन शिकत होती. बॅलार्ड पिअरच्या एका जहाज कंपनीला ती भाषा येणारी मुलगी हवी होती. खानावळ बंद पडल्यावर घराची सगळी आशा त्या नोकरीवर होती. पण लतिका विशेषणांवर अडली. 'सुंदर'ला पुस्तकाआधी 'बेल', माणसाआधी 'बेल्ल', डोळ्यांआधी 'बेल्यी'! मी तर चक्रावूनच गेलो. सरावाला जागा नव्हती, म्हणून तिनं सरळ माझ्यावरच्या कामगारांच्या नावांआधीच विशेषणं लिहिली.

गंगुबाईंना वाचता येत नसे. नावांपाशी काहीतरी खरडलेलं दिसलं आणि त्या भडकल्या. काय लिहिलंस म्हणून त्यांनी विचारलं.

"हे 'बुओन उत्तम'. म्हणजे भला उत्तम," लतिका दबकत म्हणाली. "आणि हा 'ग्रान बुधाजी'. थोर बुधाजी."

गंगुबाई मटकन खाली बसल्या. संपकऱ्यांना तेव्हा जो तो दोष देत होता. त्यांना थोर म्हणणारं कुणी गंगुबाईंना भेटलंच नव्हतं. त्या पोटभर रडल्या, मग उठून ओलं फडकं घेऊन आल्या.

"आई, राहू दे ना. गिरण्या सुरू झाल्या तर?"

"नावां माका पाठ आसत. तू तुझां लिही."

एकेक नाव मोठ्यानं उच्चारत त्यांनी मला पुसलं. मला फार वाईट वाटलं, आणि हलकंही वाटलं.

पुढचे आठ दिवस लतिकानं मला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरून टाकलं. मुलाखतीत ती कुठेच अडली नाही. नोकरी लागली.

आता मी दादरला, लतिकाबाईंच्या इटालियनच्या वर्गात आहे. रंग विटलाय, खडू नीट धरत नाही. तास संपला की मुलं मला भराभर पुसतात. पुसा बापड्यांनो, त्याशिवाय नवीन कसं लिहिणार? फक्त पुसण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा.