वणीला जाताना

दारात शेजारची हमीदा उभी होती. काखेत लेक, हातात भिमाबाईंचा डबा, आणि डब्यात गूळ. भिमाबाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, परत कशाला आणलास?"

"मग, मौसी? शेव संपली. डबा तर तुमचाच ना."

एक्याऐंशीचा मे. भिमाबाईंची दवाखान्यातली आयाची नोकरी संपली होती. सातपूरची क्वार्टर सोडायची होती. वणीला भावानं दिलेल्या खोलीत एक पेटी नि एक वळकटी मावेल एवढीच जागा. बाकीचं वाटून टाकायचं ठरलं. पण भांडं रिकामं कसं द्यायचं? म्हणून त्यांनी शेव पाडली, लाडू वळले, एकेका भांड्यात भरून घरोघर पोचवले. 'ठेवूनच घ्या' म्हणायला मात्र जीभ रेटेना. ते म्हटलं की जाणं खरं झालं असतं.

लोकांना वाटलं, बाई जाता जाता तोंड गोड करतेय. आणि भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत तर सगळ्यांच्याच घरची. ठमाबाईंकडून पातेलं कैऱ्या घेऊन आलं. परातभर कांदे आणून देताना रावजींनी वर विचारलं, "वणीला दुकान टाकताय का काय, बाई?"

शेवटी भिमाबाईंनी हमीदालाच खरं काय ते सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग लेकीला काखेत मारून घरोघर सांगून आली. संध्याकाळपर्यंत फळ्या मोकळ्या झाल्या.

उरली पेटी. भिमाबाई तिच्यात लुगडी घालत होत्या, तोच हमीदाच्या लेकीनं कोपऱ्यातली फडक्याची पुरचुंडी ओढली. आतून काशाची लहानशी वाटी निघाली. कडेला नाव कोरलेलं, सुजाता. भिमाबाईंच्या लेकीच्या बारशाची वाटी. तिच्यातून चार घास खाल्ले न खाल्ले, तोच पोर गेली होती. त्यानंतर वाटीला कुणाचं तोंड लागलं नव्हतं.

हमीदानं नाव वाचलं आणि लेकीच्या हातातून वाटी हळूच सोडवली. "ही न्या, मौसी. एवढीशी तर आहे. जागा होईल."

"जागा आहे गं. पण पेटीत कोण जेवणार?"

भिमाबाईंनी हमीदानं आणलेला गूळच वाटीत घातला. "ही मात्र परत आणायची नाही," त्या म्हणाल्या. ह्या वेळी जीभ अडली नाही.

सकाळी स्टॉपवर हमीदा लगबगीनं आली. काखेत लेक, हातात तीच वाटी.

"परत आणलीस?"

"नाही हो. हिचं खाणं राहिलं होतं, आणि तुमची गाडी चुकली असती."

एसटी आली. कंडक्टरनं पेटी वर घेतली. खिडकीशी बसून भिमाबाईंनी बाहेर पाहिलं. हमीदा बोटानं घास भरवत होती, पोर मान फिरवत होती. वाटीच्या कडेला, नावातल्या शेवटच्या अक्षरावर, दूधभाताचं एक शीत चिकटलं होतं.