नेसाला ओळखायचं नाही

आयर्लंडमधल्या लिट्रिमच्या आमच्या टोकाला हॅलोवीनच्या रात्री पोरं दारात उभी राहून नुसता खाऊ मागत नाहीत. मुखवटा चढवून मुकाट्याने घरात येतात आणि घरच्यांनी त्यांना ओळखायचं असतं. नाव बरोबर निघालं की मुखवटा उतरवायचा. जो ओळखू येत नाही, त्याचा शाळेत वर्षभर तोरा. माझ्या नेसाला आजवर प्रत्येक घराने पहिल्या फटक्यात ओळखलंय. यंदा तिला एवढंच हवं होतं, की निदान एका घरात तरी आपण कळू नये.

मी जिवाचं रान केलं. नवऱ्याचा जुना कोट, पोटाशी उशी, हातमोजे, चाल बदलावी म्हणून बुटात खडा. पोरगी खरोखरच लंगडत होती.

मॅटीकाकांच्या घरात पाऊल टाकलं, तोच म्हातारा म्हणाला, "ये गं नेसा. खडा टोचतोय का?"

"कसं ओळखलंत?" मी चिडूनच विचारलं.

"अगं ब्रीज, मागे तू उभी आहेस ना. दुसऱ्या कुणाची पोर घेऊन हिंडणार आहेस तू?"

पुढच्या घरी मी गाडीतच बसले, तर त्यांनी गाडी ओळखली. त्याच्या पुढच्या घरी गाडी लांब वळणावर ठेवली आणि मीसुद्धा तोंडाला फडकं बांधलं. शेजारीण हसत म्हणाली, "हा खोकला ब्रीजचा, म्हणजे ही नेसा." माझं डोकंच फिरलं. इथे शिंकलं तरी चार घरांत कळतं. लहान पोरीची एवढीशी हौस, तीही या लोकांना पुरवता येत नाही.

रस्त्यावर नेसाने मुखवटा वर केला. डोळे भरले होते.

"आई, तू येऊच नकोस ना. तू असलीस की मी लगेच कळते."

"अंधारात एकटी जाणार?"

"शेजारच्या कॉन्लनची पोरं आहेत की मागे. त्यांच्याबरोबर जाते."

लागलंच मला ते. आठवडाभर कुणासाठी खपत होते मी? पण म्हटलं, जा.

शेवटचं घर ऊनाआजीचं. मी फाटकाशी थंडीत उभी, मनातल्या मनात धुसफुसत. आत आजी एकेक नाव घेत होती, पोरं खिदळत होती. मग आजीचा आवाज थांबला.

दार उघडलं आणि चार मुखवटे वाटेने खाली आले. कोट मी लांबूनच हेरला. तो लंगडतही होता. मी पुढे होऊन त्याचा हात धरला. "जमलं का गं, बाळा?"

मुखवटा वर झाला. आत कॉन्लनचा मधला पोरगा दात काढून हसत होता. मी उरलेल्यांकडे वळले. दोघंच होते. उंची पाहिली, खांदे पाहिले, आणि एकाला म्हटलं, "तू." त्याने नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्यानेही.

"आई," हाक माझ्या पाठीमागून, गाडीकडून आली. कॉन्लनच्या पोराचं जाकीट घातलेली नेसा तिथे उभी होती, आनंदाने नुसती फुललेली. "ऊनाआजी हरली. आणि तूपण."

ती माझ्या अंगाला घासून गेली होती, आणि मी दुसऱ्याच्या पोराचा हात धरून उभी होते.

"शाब्बास," मी म्हटलं. आणि मग कुठे त्या पोराचा हात सोडला.