नारळातली गुंतवळ

येडगाव धरणाच्या काठावर अमावास्येला ही गर्दी! मंचरहून जिपा भरून आल्या होत्या. भिका भगतानं नारळ फोडला, भकलातून लांब काळ्याभोर केसांची बट ओढून वर धरली, तशा बायांनी कपाळं जमिनीला लावली.

"साती आसरांनी निशाणी धाडली," भिका म्हणाला. "पोर पान्यात जिती हाय. पोलिसात गेलात तर तिला तळाला नेतील."

पाण्यातल्या या देवतांना पोलिसांचं एवढं वावडं का, हे कुणी विचारलं नाही. कुशाबाईनं आधीच्या तिन्हींसारखी हीही बट पदरात घेतली. तिची तेजस्विनी मंचरच्या सासरहून नाहीशी झाली त्याला ही चौथी अमावास्या. धरणात उतरली म्हणून सांगणारा जावई, आणि भगताला आणणाराही जावईच.

आरफाच्या अंगाचा तिळपापड झाला. जुन्नरची ही पोरगी तेजस्विनीची शाळेपासूनची मैत्रीण, आता पुण्यात डीएनए तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला. तिनं कुशाबाईची मनधरणी करून बटेतले थोडे केस घेतले, आणि तिच्या गालाच्या आतून कापूस फिरवून घेतला.

पहिला अहवाल आला आणि घात झाला. गळलेल्या केसात बहुतेकदा आईकडून आलेला डीएनएच काय तो नीट मिळतो. तो कुशाबाईशी तंतोतंत जुळला. झालं! मशीननंसुद्धा आसरांपुढं लोटांगण घातलं, असा डंका भिकानं चार गावांत पिटला. कुशाबाई रडता रडता हसली. आरफालाही क्षणभर वाटलं, असेल का तेजू? मग तिला स्वतःचाच राग आला. हा डीएनए आईचा आणि लेकीचा सारखाच असतो. म्हणून तिनं मुळाशी कातडीचा कण चिकटलेला एक केस शोधला. त्यातून माणसाची पुरती ओळख निघते.

आठ दिवसांनी ती कुशाबाईच्या ओसरीवर आली. शेजारणी जमल्याच होत्या.

"मावशी, विंचरल्यावर गुंतवळ कुठं टाकतेस?"

"टाकीन कशाला? कुनी करनी केली म्हंजी? भिंतीच्या भोकात ठिवते, न् पर्यागबाईला देते. केसांवर वाटी देती ती."

प्रयागबाई म्हणजे भिकाची बायको. करणीच्या धाकानं जपलेले केस वाटीच्या बदल्यात थेट भगताच्या घरात पोचत होते.

आरफानं नारळ घेतला. शेंडी बाजूला सारून एक डोळा टोकरला, पाणी ओतलं, तारेनं भिंतीच्या भोकातली गुंतवळ आत ढकलली, मेणानं भोक बुजवून शेंडी सारखी केली. नारळाला तीन डोळे. आपल्याला दोन, तेही आपण मिटलेले.

"दुसरा अहवाल आला. बटेतले केस तेजूचे नाहीत, मावशी. तुझेच आहेत."

पन्नाशीतही कुशाबाईच्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता. तिनं देव्हाऱ्यातल्या चारही बटा उचलल्या. त्यांना रोज हळदकुंकू वाहिलं होतं.

त्याच दिवशी दोघी पोलिसात गेल्या. हवालदार हळहळला. हायवेवरच्या कॅमेऱ्यांतलं चित्र महिन्याभरात पुसलं जातं. इतके दिवस काय करत होता, असं त्यानं विचारलं.

"माज्याच केसांची पूजा करीत व्हते, सायेब."

तेजस्विनी अजून सापडलेली नाही. जावयाची चौकशी चालू आहे. कुठं बेवारस बाई मिळाली की तिचा डीएनए कुशाबाईच्या नमुन्याशी ताडून बघतात, आणि फोन येईपर्यंत कुशाबाईच्या घशाखाली घास उतरत नाही.

पण कुणाचं माणूस हरवल्याचं कानावर आलं की ती चालत त्या घरी जाते. उंबऱ्यातूनच सांगते, "आदी पोलिसात जा. देव कुटं पळून जात न्हाई. पुरावा जातो."