उतारावरचे दगड

बोईसरच्या वसाहतीतली मंडळी रविवारी सकाळीच राखीव रानात उतरली. टेम्पोतून ऐन, बिबळा, शिवण अशी रोपं आली होती. पाड्यातली माणसंही हात लावायला गेली. रत्नाबाई गेली, कारण कोणी नको म्हटलं नाही. गेल्या पावसात नातू गेला तेव्हापासून ती अशीच कुठंही जायची आणि तशीच परत यायची.

नातू दात यायच्या आधीच गेला. एवढ्या लेकराला जाळत नाहीत, म्हणून रत्नाबाईच्या नवऱ्यानं, झुंबरनं, त्याला याच उतारावर पुरलं. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर दगड रचले. रत्नाबाईच हातात देत होती. पोराची आई, रत्नाबाईची लेक मंगला, आता बोईसरला कंपनीत पॅकिंगला जाते. सुट्टीला आली की घरात पाय ठेवण्याआधी त्या दगडांपाशी जाऊन बसते. आज ती यायची होती.

कडेवर रोपं घेऊन रत्नाबाई उतार चढली, तर ढीग नव्हता. तिथं ऐनाचं रोप उभं होतं आणि भोवती दगडांचं गोल आळं. वसाहतीतली तेजल नावाची मुलगी हात झटकत होती.

"आजी, जमलं ना? इथं आयतेच दगड मिळाले."

"वयनी, बघ तरी!" खालून दीर दादू ओरडला. "पोरीनं आळं घातलंय का विहीर बांधलीय?"

सगळे हसले. झुंबरनं कमरेइतकं खोल खणलं होतं, रोपाचा खड्डा हातभर. तिथवर पोचला नसणार. एवढं रत्नाबाईच्या मनात आलं, पुढं काहीच नाही.

"बाय, ते दगड आमचे हायेत."

"रानातल्या दगडांना पण मालक असतो?" तेजल हसतच होती.

"खाली आमचा पोरगा हाय. तान्हा."

दादूनं टोपी काढली. तेजल मटकन खाली बसली आणि रडायला लागली. नाक वाहत होतं, हातांची माती गालाला लागत होती. रत्नाबाई तिच्याकडे बघत उभी राहिली, शेजारच्या घरचा पाहुणा बघावा तशी.

"गप. तुला कोण सांगणार? आमीच त्या जागेचं नाव काढत नाय."

मग तिनं मातीच्या गोळ्यासकट रोप उचललं, थोडं खाली नवा खड्डा खणून त्यात लावलं. पहिला खड्डा पायानं दाबून बुजवला. तेजल आळ्याचे दगड परत त्या जागेवर रचू लागली आणि मध्येच थांबली.

"काही मी ओढ्यातून आणलेत. यातले तुमचे कोणते?"

रत्नाबाईनं एकेक हातात घेऊन पाहिला. एकही ओळखू येईना.

"सगळेच ठेव."

शेवटचा दगड ठेवून होतोय तोच खांद्याला पिशवी लावलेली मंगला पायवाटेनं वर आली. रोपं, माणसं, कुणाकडेच न बघता येऊन बसली. दगडांवर हात ठेवला.

"आये, ढीग मोठा झालाय गं."

"झालाय," रत्नाबाई म्हणाली आणि उरलेली रोपं कडेवर घेऊन उतरायला लागली.