एका सरीपुरती पेंड

दोन हजार एक साली सिद्धाप्पाच्या वांग्यांच्या मुळांना गाठी धरल्या, तेव्हा कोल्हापूरच्या कसबा बावड्यात दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक, हा सूत्रकृमींचा रोग. डोळ्यांना न दिसणारे किडे मुळांत शिरून बसतात. दुसरी, त्याची बायको रत्नव्वा माहेरी गेलीय ती याच रोगाच्या औषधापायी.

तिच्या भावाचा, सोमशेखरचा, निपाणीजवळ तेलाचा घाणा. लिंबोळीचं तेल काढून उरलेली पेंड लागणीआधी सरीत मिसळली की ही कीड जोर धरत नाही, हे ती लग्नापासून सांगत आलेली. यंदा सिद्धाप्पानं दुकानदाराचं ऐकून दाणेदार औषध टाकलं आणि वर म्हणाला, "तुझ्या म्हायारची पेंड म्हायारातच ऱ्हाऊ दे."

"मग मीबी तितंच ऱ्हाते की."

बोलल्याप्रमाणे वागणारी माणसं संसाराला फार गैरसोयीची असतात.

झाडांनी माना टाकल्यावर सिद्धाप्पानं एक रोप उपटून कागदात गुंडाळलं आणि एसटी धरली. कागलच्या एमआयडीसीच्या शेड मागं पडेपर्यंत "चल घरी" एवढंच तो मनात घोळवत होता. घाण्यावर तोंडातून निघालं, "पेंड हाय का?"

रत्नव्वानं मुळं पाहिली, त्याला नाही. "सोमू, त्यास्नी सांग, ही झाडं उपटून जाळा. फुडच्या लागणीआधी पेंड मिसळून पानी द्या, दोन-तीन आठवडं थांबा."

समोरच उभ्या असलेल्या दाजींना सोमशेखरनं हा निरोप इमानानं पोचवला.

न्यायला हवं होतं पोतं. सिद्धाप्पानं भाजीची पिशवी पुढं केली. तीत एका सरीपुरती पेंड बसली. संपली, की तो परत पिशवीच घेऊन हजर. लागणही तशीच एकेक सरी करून होत गेली. रानात एका सरीला बोटभर रोपं, शेजारी कळ्या, पलीकडं वांगी.

"सिद्धाप्पा, रान हाय का शाळा?" बांधावरून शेजारचा हंबीरराव ओरडला. "बालवाडीपास्नं म्याट्रिकपतोर समदं वर्ग भरवल्यात की!"

परतीच्या एसटीत पेंडीचा कडू वास सुटायचा. माहेराहून आलेल्या रत्नव्वाच्या पदराला हाच वास असायचा, तेव्हा तो नाक मुरडायचा. आता पिशवी मांडीवर घेऊन बसायचा. नाक मुरडून शेजारचा प्रवासी उठायचा.

शेवटी सोमशेखर कंटाळला. "दाजी, किती हेलपाटं घालतासा? उद्या टेम्पो कोल्हापूरला चाललाय. पाच पोती टाकतो. वरीसभर हिकडं बघाय नगं."

एवढी वाईट बातमी सिद्धाप्पाला वांग्यांनीही दिली नव्हती. "ठेवाय जागा न्हाई," तो म्हणाला. चार खोल्यांच्या घरात तो एकटाच राहत होता.

रत्नव्वा बाहेर आली. पोत्यात हात घातला, चिमूटभर पेंड हुंगली. "दमट हाय. बुरशी धरंल. ताजी निघंल तशीच न्याय पायजे."

"आक्का, वाळवून कालच भरलिया—"

"दमट हाय म्हनलं न्हवं?"

तिनं पिशवी ओढून घेतली, निम्मीच भरली, तोंड बांधलं आणि माहेरी आल्यापासून पहिल्यांदाच थेट त्याला म्हणाली, "एक सरीबी व्हायची न्हाई ह्यात. लौकर यावं लागंल."

"येतो की!"

एसटीत खिडकी मिळाली. कागल आलं तेव्हा ध्यानात आलं, "चल घरी" आजही राहिलंच. पिशवी हलकी होती. वास मात्र तेवढाच. शेजारची जागा लगेच रिकामी झाली. सिद्धाप्पा सरकून बसला नाही; कुणासाठी तरी धरून ठेवल्यागत ती तशीच राहू दिली.