इतर शेरे

मालकांनी धाकट्या जावयाच्या हाती गाड्यांचा कारभार दिला आणि त्याच आठवड्यात जावईबापू दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले. जाताना त्यांना ट्रकची चाकं मोजून सांगावी लागायची. आल्यावर ते तीस वर्षं ट्रक हाकलेल्यांना शिकवू लागले.

हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर आता नुसतं वजन होत नसे. गाडी, कागद आणि ड्रायव्हर, तिन्ही तपासायचे. हातोडीकाकांच्या लायसन्सवर आधीच दोन ठपके होते. एक मालकांनी जास्त भरलेल्या मालाचा, दुसरा मालकांनी न बदललेल्या टायरचा. तिसरा पडला की वर्षभर घरी. साठीच्या माणसाला वर्षभर घरी बसवलं की नंतर कोण कामावर घेतो?

निघण्याआधी काका छोटी हातोडी घेऊन गाडीभोवती फिरत, नट न् नट ठोकून आवाज ऐकत. म्हणून ते हातोडीकाका.

"काका, दवाखाना मांडलाय का?" जावईबापूंनी विचारलं.

"पेशंट बोलतो का ते बघतोय."

"हे जुनं झालं. आता फॉर्म. जे लिहिलं नाही, ते तपासलंच नाही. प्रशिक्षणात सांगितलंय."

काकांनी ते लक्षात ठेवलं.

मागच्या डाव्या चाकावर, जिथे सगळा भार लोखंडी पाट्यावर बसतो, तिथे हातोडी बद्द वाजली. काका खाली वाकले. पाट्याच्या तिसऱ्या पट्टीला केसाएवढी चीर होती.

"हा पाटा बदलायला हवा. दुपार जाईल."

"दुपार आहे कुणाकडे? काळा रंग मारा. चकचकीत गाडीखाली कोणी वाकून बघत नाही, हेही सांगितलंय."

रंग मारला. जावईबापूंनी उरलेला टायरांनाही लावायला लावला. मग स्वतः तपासनीस होऊन तालीम घेतली.

"काल झोप किती झाली?"

"पाच तास."

"आठ म्हणायचं."

"मग आठ. पण तुम्हीच काल अकरापर्यंत तालीम घेतलीत."

शेवटी फॉर्म आला. बेचाळीस चौकटी. काकांनी एकेचाळीस ठिकाणी बरोबरची खूण केली, पाट्याच्या चौकटीत फुली मारली आणि अगदी तळाशी 'इतर शेरे' या रिकाम्या जागेत बारीक अक्षरात चार ओळी लिहिल्या. त्या जागेत आजवर कोणी काही लिहिलं नव्हतं.

"वाचून घ्या एकदा," काका म्हणाले.

"मोजल्या. बेचाळीस आहेत." जावईबापूंनी 'वाचले, मान्य' यावर झोकदार सही केली, फॉर्म फायलीत सगळ्यात वर लावला आणि स्वतः केबिनमध्ये चढले.

काटा दोन किलोमीटरवर होता. काकांनी गाडी चालत्या माणसाच्या वेगानं नेली.

"काका, पायी जाणारी म्हातारी आपल्या पुढे गेली."

"जाऊ दे. तिला घाई असेल."

वजन बरोबर भरलं. जावईबापूंनी न मागता फाईल पुढे केली. तपासनीस बाईंनी फॉर्म खालून वाचायला घेतला. वरच्या खुणा सगळीकडे सारख्याच असतात, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

"मागील डावा पाटा, तिसरी पट्टी, चीर," त्या मोठ्यानं वाचू लागल्या. "सकाळी सांगितले. बदलू नका, रंगवा, असा हुकूम झाला. काट्यापर्यंत चालीने नेतो. पुढे नेणार नाही." त्यांनी मान वर केली. "खाली सही कुणाची?"

"माझी," जावईबापू म्हणाले.

"वाचून केलीत?"

वाचून म्हणावं तर चीर माहीत होती. न वाचता म्हणावं तर सही खोटी. जावईबापूंनी काकांकडे पाहिलं. काका टायरावरचा रंग बोटाला लागतो का ते बघत होते. लागत होता.

बाईंनी हातोडी मागितली आणि पाट्यावर दोनदा ठोकली. ओला रंग फाकला आणि चीर उघडी पडली.

"गाडी इथंच राहील. ड्रायव्हरनं लेखी कळवलंय, त्याला ठपका नाही. ठपका 'मान्य' म्हणून सही करणाऱ्याला."

"पण बाई, गाडी तर हे चालवत होते."

"हो ना. म्हणून तर इथवर आलात."

त्यांनी जावईबापूंच्या हाती ठपक्याचा कागद ठेवला आणि सही मागितली. जावईबापूंनी सवयीनं पेन काढलं, टेकवलं, आणि उचललं. मग ते ट्रकच्या पायरीवर बसले आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागले.

काकांनी हातोडी पिशवीत टाकली.

"सावकाश वाचा, जावईबापू," ते म्हणाले. "मला कुठं जायचंय?"