हातावरचं दही

अद्वैतनं पुन्हा सत्यजितच्या शर्टाची बाही ओढली. सकाळपासून हेच चाललं होतं. तहान लागली की बाही ओढायची, बूट काढायचे असले की बाही ओढायची. हाक मात्र मारायची नाही.

"अरे भई, आस्तीन उखड़ जाएगी," सत्यजित हसला आणि वाकून त्याच्या बुटाची नाडी सोडू लागला.

मी इमामबाड्याच्या पायरीवर बसून बघत होते. शेजारी मुक्ता, माझी सून. सून होती म्हणावं की आहे म्हणावं, ते मला अजून ठरवता येत नाही. माझा मुलगा चंद्रहास लखनऊबाहेर, बख्शी का तालाबच्या रस्त्यावर, मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा अद्वैत तीन वर्षांचा होता. मागच्या वर्षी मुक्तानं सत्यजितशी लग्न केलं. तो कानपूरचा, दिल्लीला बँकेत असतो. पहिली बायको आजारात गेली, तिची मुलगी अवनी. आता चौघं मिळून पहिल्यांदाच सुट्टीला निघाले होते, थायलंडला. "आई, विमान लखनऊहूनच घेतो. एक दिवस तुमच्याकडे," असं मुक्तानं फोनवर सांगितलं होतं. चांगली पोर आहे. आली नसती तरी मी काय करणार होते?

त्या एका दिवसात मला एकच हवं होतं. अद्वैतला त्याचा बाबा आठवतो का, ते त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. चारचौघांत विचारवेना, म्हणून मीच इमामबाड्याचा हट्ट धरला.

"आई, गुडघ्यांचं काय? तुम्ही खालीच बसा ना."

"गुडघे माझे आहेत. चल."

जिना अंधारा आणि पायऱ्या उंच. सत्यजितनं मागून हात दिला. "माँजी, पकड़िए." मी धरला. हात गरम होता, आणि माझ्या वजनानं जरासुद्धा हलला नाही.

"आराम से, अम्माँ," गाइड वरून ओरडला. "इमारत कहीं भागी नहीं जा रही!"

आमच्या यांच्या संशोधन संस्थेतल्या नोकरीमुळे मी लग्न होऊन थेट लखनऊला आले. पुण्याचा पाहुणा आला की त्याला इथे आणायचं, हे ठरलेलंच. मोठ्या दालनाच्या वर एक लांबलचक सज्जा आहे. एका टोकाला काडी ओढली की दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. चंद्रहास लहान असताना पलीकडे धावत जायचा आणि भिंतीशी तोंड नेऊन म्हणायचा, "आई, भूक लागली." पाहुणे हसायचे. घरून चार पुऱ्या खाऊन निघालेला असायचा.

गाइडनं पलीकडे जाऊन काडी ओढली.

"सुनाई दिया! पापा, सुनाई दिया!" अवनी उड्या मारू लागली. अद्वैतनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खाली मान घातली.

पुढे मुक्ता आणि सत्यजित अवनीचे फोटो काढण्यात गुंतले. मी अद्वैतला म्हटलं, "जा, तू त्या टोकाला जा. भिंतीला कान लाव. आपण दोघंच बोलू."

तो धावला. धावताना डावा खांदा पुढे काढण्याची लकब चंद्रहासचीच. मी भिंतीशी वाकले.

"ऐकू येतंय का रे?"

"हाँ, आजी." अगदी कानाशी आला आवाज.

"तुला बाबा आठवतो?"

दुसऱ्या टोकाला गाइड खोकला, तेही ऐकू आलं.

"फोटोवाले?"

"फोटोतला नाही रे. खरा. तुला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून फिरवायचा तो."

भिंतीवर नख ओढल्याचा आवाज आला. मग, "नहीं." आणि त्याहून हळू, "सॉरी, आजी."

भिंत थंड होती. मी कपाळ तिथंच टेकवून उभी राहिले. त्याला वाटलं असेल, मी ऐकतेच आहे.

"आजी, मम्मी को मत बताना."

"काय, बाळा?"

"मम्मी ने बोला है, आपके सामने पापा नहीं बोलना. आपको बुरा लगेगा."

"मग काय म्हणतोस त्यांना?"

"कुछ नहीं. आज का ही तो दिन है."

माझा नातू माझ्यासाठी दिवसभर मुका राहिला होता, आणि मला वाटत होतं, पोर लाजतंय.

"तू म्हण पापा," मी म्हणाले. "मला वाईट नाही वाटणार." हे म्हणताना मी तोंड भिंतीपासून जरा लांब घेतलं. त्या भिंतीतून सगळंच पोचतं.

संध्याकाळी निशातगंजच्या आमच्या गल्लीत टॅक्सी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर बॅगा चढवत होता. मी दह्याची वाटी घेऊन दारात आले. चंद्रहास अद्वैतला कडेवर घेऊन हातावरचं दही चाटायचा आणि 'येतो' म्हणून निघायचा. मुक्तानं सवयीनं हात पुढे केला. तिच्या तळहातावर दही घातलं, अवनीच्या घातलं, अद्वैतच्या घातलं.

"अरे वाह, दही-चीनी! हमारी अम्मा भी खिलाती थीं," म्हणत सत्यजितनं डोळे मिटले आणि लहान मुलासारखा आ केला. त्यांच्याकडे चमच्यानं भरवतात ना! माझा चमचा तसाच अधांतरी राहिला.

अद्वैतनं सत्यजितच्या बाहीकडे हात नेला. मग थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"पापा," तो मोठ्यानं म्हणाला. "मुँह नहीं, हाथ! हाथ पे लेते हैं, फिर चाटते हैं."

मुक्ता दचकून माझ्याकडे वळली. मी सत्यजितच्या तळहातावर दही घालत होते.

"अब बोलो, येतो," अद्वैत म्हणाला.

"तुला हे कुणी शिकवलं रे?" मुक्तानं विचारलं.

"पता नहीं." त्यानं खांदे उडवले. "मुझे आता है."

"येतो, माँजी," सत्यजित म्हणाला.

"या," मी म्हणाले.

टॅक्सी कोपऱ्यावर वळली. अवनीचा हात खिडकीबाहेर शेवटपर्यंत हलत होता. वाटीत थोडं दही उरलं होतं. मी ते माझ्या तळहातावर घेतलं आणि दारात उभी राहूनच चाटलं. मला कुठेच जायचं नव्हतं.